सीमोरला येताय? मग हे वाचून या

ऑफर लेटरवर ‘सीमोर, इंडियाना’ वाचलं की आधी नकाशा उघडला जातो. नकाशात मका आणि सोयाबीनशिवाय काही दिसत नाही म्हटल्यावर मग फोन येतो. “ताई, तिथे आपली माणसं आहेत का? भाजी मिळते का? शाळा कशी आहे?” दरवर्षी काही घरं नव्याने येतात आणि फोनवर मी तेच तेच सांगत बसते. म्हणून यंदा लिहूनच काढलं. पुण्या-मुंबईहून थेट येणाऱ्यांसाठी तर हे आहेच, पण न्यू जर्सीत चार वर्षं काढून इकडे बदली घेणाऱ्यांनीही वाचावं. इथली अमेरिका त्यांनी पाहिलेली नसते.

इंडियानापोलिसहून आय-65 हायवेने दक्षिणेला निघालं की तासाभरात सीमोर येतं. वाटेत कोलंबस लागतं. पुढे जवळपास तेवढंच अंतर गेलं की ओहायो नदी आणि पलीकडे केंटकीतलं लुइव्हिल. 2020 च्या जनगणनेत गावाची वस्ती साडेएकवीस हजार भरली. गाव वसलं 1852 साली, तेही रेल्वेच्या जोरावर. मीडी शील्ड्स नावाच्या जमीनमालकाला पूर्व-पश्चिम जाणारी रेल्वे आपल्या जमिनीतून न्यायची होती, म्हणून त्याने गावाला रेल्वेच्या इंजिनिअरचंच नाव देऊन टाकलं. चतुर माणूस! रेल्वे आली ती अजून आहे. एक लाइन पूर्व-पश्चिम, दुसरी उत्तर-दक्षिण, दोन्ही गावाच्या पोटातून जातात. लांबलचक मालगाडी फाटकावर आडवी आली की तुम्ही अलीकडे आणि प्लांट पलीकडे. घरातून निघताना दहा मिनिटं जास्तीची धरा. गाडी आडवी आली हे कारण कुणी खोटं मानत नाही, पण सुपरवायझरने ते सकाळपासून पाच जणांकडून ऐकलेलं असतं.

गाव पोट भरतं ते प्लांटवर. कमिन्सचा इंजिन प्लांट आहे, आयसिनचा गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे, वॉलमार्टचं मोठं वितरण केंद्र आहे आणि अंड्यांच्या धंद्यातली रोज एकर फार्म्स ही बडी कंपनी इथलीच. मी पलूसची, किर्लोस्करवाडीच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या घरातली, त्यामुळे मला हे गाव पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं. शिफ्ट सुटली की रस्ते भरतात, एरवी सामसूम. आपल्या लोकांचं या भागाशी नातं तसं जुनं आहे. 1962 साली किर्लोस्कर आणि कमिन्स यांनी मिळून पुण्यात कंपनी काढली, आणि कमिन्सचं मुख्यालय आपल्या शेजारच्या कोलंबसात. त्यामुळे कोथरूडहून उठून थेट कोलंबसला आलेली मराठी घरं तुम्हाला भेटतील. गणपती, दिवाळी, संक्रांतीचं हळदीकुंकू हे सगळं बहुतेक तिकडेच होतं. देवळात जायचं तर इंडियानापोलिसच्या पूर्व भागात मोठं मंदिर आहे.

म्हणून नवीन आलेला प्रत्येक जण विचारतो, मग घरच कोलंबसात घेऊ का? पन्नास हजारांचं गाव, सीमोरपासून वीसेक मैल. आणि कोलंबस देखणं आहे यात वादच नाही. एलिएल सारिनेनने बांधलेलं 1942 चं चर्च, आय. एम. पेईची लायब्ररी, तिच्यासमोर हेन्री मूरची कमान. एवढ्याशा गावात जगातल्या नामांकित आर्किटेक्टांची कामं एकमेकांना खेटून उभी आहेत, कारण कमिन्सच्या जे. अर्विन मिलर यांनी सार्वजनिक इमारतींच्या आर्किटेक्टची फी कंपनीच्या फाउंडेशनमधून भरायची प्रथा पाडली. पाहुणे आले की आम्ही त्यांना तिकडेच नेतो.

पण राहायचं कुठे असं माझं मत विचाराल तर नोकरी ज्या गावात आहे तिथेच राहा. कोलंबसात राहून सीमोरला फक्त शिफ्ट करणारी घरं मी बघते. सोमवार ते शुक्रवार हायवे, शनिवारी इंडियानापोलिसला ग्रोसरी, रविवारी झोप. तीन वर्षांनी विचारलं तर सीमोरमधला एक माणूस त्यांना नावाने ओळखत नाही. मोठ्या शहरात असं चालून जातं, तिथे कुणीच कुणाला ओळखत नसतं. इथे बाकी सगळे एकमेकांना ओळखतात आणि ओळखत नाहीत ते फक्त तुम्हाला. गाडी घसरून खड्ड्यात गेली, पोराला शाळेतून अचानक आणावं लागलं, पाइप फुटला, तर गावात मदतीला ओळखच धावून येते. आणि ती आठवड्याच्या मधल्या दिवसांत, त्याच त्या चार जागी पुन्हा पुन्हा दिसल्यानेच होते.

आता गाडी. ठरलेल्या मार्गावर फिरणारी बस नाही, रिक्षा नाही, रस्त्याने चालणारा माणूस दिसला की लोक गाडी थांबवून विचारतात, काही अडचण आहे का. इथे लायसन्सचं खातं बीएमव्ही म्हणून ओळखलं जातं, दुसऱ्या राज्यातले लोक डीएमव्ही म्हणतात. राज्यात राहायला आल्यापासून 60 दिवसांत इंडियानाचं लायसन्स काढावं लागतं, आणि भारतातलं लायसन्स असलं तरी लेखी आणि गाडी चालवायची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पुण्यात वीस वर्षं गाडी चालवलेले भले भले इथे ‘स्टॉप’च्या पाटीवर चाकं पूर्ण थांबवली नाहीत म्हणून नापास होतात. स्कूलबसचे लाल दिवे लागून बाजूची पाटी बाहेर आली की दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी थांबायचं. मध्ये दुभाजक असेल तरच समोरून येणाऱ्यांना सूट. पोलिसाने मागून दिवे लावले तर गाडी कडेला घ्या, आतच बसून राहा, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा. खाली उतरून साहेबांशी बोलायला जायची आपली सवय इथे फार धोक्याची आहे.

गावाबाहेरच्या रस्त्यांची नावं बघून गोंधळाल. ‘काउंटी रोड 400 नॉर्थ’ हे नाव म्हणजे पत्ताच आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग; तिच्या मधल्या रेघेपासून शंभराला एक मैल या हिशोबाने चार मैल उत्तरेला असलेला तो रस्ता. एकदा हे डोक्यात बसलं की मोबाइलची रेंज गेली तरी तुम्ही हरवत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात याच रस्त्यांवर दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, मका काढायची अवाढव्य मशिनं अख्खा रस्ता अडवून हळूहळू जात असतात. हॉर्न वाजवायचा नाही, शेतकरी जागा मिळाली की स्वतःच हात करून पुढे जायला सांगतो. दुसरी गोष्ट हरणं. संध्याकाळी एक आडवं गेलं की मागे दुसरं असतंच. ब्रेक दाबा, पण हरणाला चुकवायला स्टिअरिंग फिरवू नका. लोक दगावतात ते झाडावर आपटून.

गाडीबद्दल मी एवढं लिहिते आहे ते मुख्यतः घरी राहणाऱ्या जोडीदारासाठी. नोकरीवर आलेल्याला सकाळी जायला जागा असते, बोलायला माणसं असतात. मागे राहिलेली बाई (आणि हल्ली एखाददुसरा पुरुषही) दुपारी खिडकीतून बघते तेव्हा समोर कापलेलं गवत, दोन पिकअप ट्रक आणि झेंडा. एल-2 व्हिसावर (कंपनीने बदलीवर पाठवलेल्याच्या जोडीदाराचा) आलेल्यांना नोकरी करता येते, एच-4 वर (एच-1बी या नोकरीच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराचा) बहुतेकांना येत नाही. पण लायसन्स दोघांनाही काढता येतं. माझं ऐका, दुसऱ्या गाडीसाठी पैसे साठेपर्यंत थांबू नका. जुनी, डागडुजी केलेली का होईना, दुसरी गाडी पहिल्या हिवाळ्याच्या आत दारात उभी करा. इथून कंटाळून परत गेलेली जी घरं मला माहीत आहेत, त्यांतल्या बहुतेकांत नोकरीची तक्रार नव्हती. घरच्या माणसाचा जीव रमला नाही.

जीव रमवायला सुरुवात लायब्ररीपासून करा. कार्ड फुकट, लहान मुलांना गोष्टी सांगायचा तास, बसायला ऊब. नोकरी करता येत नसेल तरी शाळेत, लायब्ररीत, हॉस्पिटलात स्वयंसेवकाचं काम मागता येतं. वर्षभर आठवड्यातून एक दुपार पुस्तकं लावून दिली की अर्ध्या गावाच्या आयांशी ओळख होते.

गाव लवकर उठतं आणि लवकर झोपतं. पहिली शिफ्ट पहाटेच लागते, म्हणून चार-साडेचारला घरोघर दिवे दिसतात आणि रात्री नऊला रस्त्यावर चिटपाखरू नसतं. संध्याकाळचं जेवण पाच-साडेपाचला उरकतं. कुणी जेवायला बोलावलं तर आपल्यासारखं आठला जाऊ नका. तोवर यजमान झोपायच्या तयारीत असतील. बरीच घरगुती हॉटेलं रविवारी किंवा सोमवारी बंद असतात. 2018 पर्यंत तर दुकानातून रविवारी दारू विकायलाच बंदी होती, आता दुपारी 12 ते रात्री 8 मिळते. भारतात फोन लावताना लक्षात ठेवा, आपण उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतो आणि नोव्हेंबरात घड्याळ बदललं की साडेदहा. आईला पहाटे उठवलंत तर ती रागावणार नाही, काळजी करेल.

माणसं कशी आहेत हा खरा प्रश्न. आधी बोलकी वाटतात, मग थंड वाटतात, आणि बऱ्याच दिवसांनी कळतं की दोन्ही खरं नव्हतं. दुकानात, पेट्रोल पंपावर कुणीही हवामानावर चार वाक्यं बोलेल. समोरून येणारा ट्रकवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख देईल. तुम्हीही बोट उचला. पण घरी बोलावणं यायला वर्ष-दीड वर्ष जातं. इथे लोक शाळेपासून एकाच गावात आहेत, त्यांचं मैत्रीचं खातं भरलेलं असतं. ते तुम्हाला टाळत नाहीत, त्यांना नवीन माणसाची सवय नसते एवढंच.

खातं उघडायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे प्लांटमधला ‘पिच-इन’. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. बाकी अमेरिकेत याला पॉटलक म्हणतात. ब्रेकरूमच्या दारावर एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर नाव आणि पदार्थ लिहायचा. त्या दिवशी टेबलावर क्रॉकपॉटची, म्हणजे मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यांची, रांग लागते, एक्स्टेंशनची वायर टेपने टेबलाला चिकटवलेली, प्रत्येक झाकणावर मास्किंग टेपवर मालकाचं नाव. चिकन आणि नूडल्स, आणि ते चक्क कुस्करलेल्या बटाट्यावर वाढून. चीजमध्ये बुडालेले बटाटे. फरसबीच्या शेंगा, ज्यांत हॅमचे तुकडे असतातच. शाकाहारी असाल तर भाजी दिसली म्हणून वाढून घेऊ नका, आधी विचारा. आणि शुगर क्रीम पाय नावाचा एक पांढरा, गोड, बासुंदी आटवून थापावी तसा प्रकार असतो, तो मात्र सोडू नका. आपण काय न्यावं? गाजराचा हलवा हमखास संपतो. मसालेभात चालतो, तिखट निम्म्यावर आणून. साबुदाण्याची खिचडी नेऊन बघितलेल्यांनी पुन्हा नेली नाही. आणि नुसती चिप्सची पिशवी नेऊन ठेवू नका. ते बघणारे बघतात.

“तुम्ही कुठल्या चर्चला जाता?” हा प्रश्न पहिल्या महिन्यात येणार. जर्मनीहून आलेले ल्युथरन पंथाचे शेतकरी या काउंटीत स्थायिक झाले, त्यांची चर्चं आणि शाळा अजून भक्कम आहेत. ऑक्टोबराच्या सुरुवातीला गावात ऑक्टोबरफेस्ट भरतो तोही त्याच परंपरेतला. प्रश्नात खोच नसते. “आम्ही हिंदू आहोत, आमचं मंदिर इंडियानापोलिसला आहे” एवढं हसून सांगा, बहुतेक वेळा पुढचा प्रश्न जेवणावर येतो. कुणी चर्चच्या कार्यक्रमाला बोलावलं तर जायला हरकत नाही, बाटत नाही कुणी. ईस्टरच्या आधी शुक्रवारी होणाऱ्या मासळीच्या जेवणाला आम्ही आवर्जून जातो.

आणि बास्केटबॉल. इंडियानात हा खेळ नाही, व्रत आहे. सीमोर हायस्कूलचं जिम आठ हजारांवर माणसं बसतील एवढं आहे. गावाची वस्ती आठवा आणि मग हा आकडा वाचा. हिवाळ्यातल्या एखाद्या शुक्रवारी जांभळा रंग घालून तिथे जाऊन बसा. खेळ कळला नाही तरी चालेल, शेजारचे आजोबा समजावून सांगतात. त्यांच्या नातवाची सगळी आकडेवारी त्यांना तोंडपाठ असते.

भाजीपाल्याची चिंता नको. जे सी नावाचं ग्रोसरीचं दुकान सीमोरमध्येच सुरू झालेलं आहे आणि रोजचं सगळं तिथे मिळतं. पण आपल्या स्वयंपाकाची खरी सोय केली ती ग्वाटेमालाहून आलेल्या लोकांनी. ते इथल्या कारखान्यांत आणि शेतांवर कामाला आले, मागोमाग त्यांची दुकानं आली. त्या दुकानांत कोथिंबिरीची जुडी स्वस्त, सेरानो मिरची आपल्या लवंगीची उणीव भरून काढते, चिंच शेंगांसकट मिळते, कच्ची केळी, पपई, घेवड्याचे आणि राजम्याचे दहा प्रकार. ‘पॅनेला’ किंवा ‘पिलोन्सिओ’ असं लिहिलेली तपकिरी ढेप दिसली की उचला. तो उसाचा गूळच आहे, पुरणपोळीत काडीचा फरक कळत नाही. गल्ल्यावरच्या बाईला दोन शब्द स्पॅनिशमध्ये बोललात तर ती पुढच्या वेळी ताजा माल कधी येतो ते सांगेल. तूरडाळ, पोहे, गव्हाचं पीठ यांसाठी महिन्या-दोन महिन्यांतून इंडियानापोलिसची एक फेरी पुरते.

उन्हाळ्यात मात्र बाजार विसरा. आपल्या जॅक्सन काउंटीतली रेताड जमीन कलिंगडासाठी आणि खरबुजासाठी नावाजलेली आहे. ब्राउन्सटाउन, व्हॅलोनियाच्या बाजूला रस्त्याकडेला ट्रॉल्या लागतात. कुठे कुठे माणूसही नसतो, नुसता पैसे टाकायचा डबा. जुलैत गोड मका, ऑगस्टात टोमॅटो आणि शेजारणीकडून न मागताच येणारी झुकिनी. घराला मागे थोडी जमीन असेल तर मेच्या मध्यानंतर, थंडीचा दहिवर संपल्यावर मेथी, दुधी, भेंडी, कारली लावा, मस्त येतात. कुंपण घाला. सशांना मेथी आवडते हे मी पैजेवर सांगते.

पैशाचं थोडं. इंडियानात राज्याचा आयकर 3 टक्क्यांच्या आसपास आहे, शिवाय काउंटीचाही आयकर असतो. 1 जानेवारीला तुम्ही ज्या काउंटीत राहता तिचा दर वर्षभर लागतो. वर्षाच्या मध्ये भारतातून आलात तर पहिल्या वर्षीचा हिशोब वेगळा पडतो, रिटर्न भरताना तेवढं बघून घ्या. विक्रीकर 7 टक्के, पण घरी शिजवायच्या धान्य-भाजीवर नाही. आजारपणात साध्या तापाला, खोकल्याला अर्जंट केअर, म्हणजे आधी वेळ न घेता जाता येणारा दवाखाना. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं ते खरोखर जिवावर बेतलं तरच, नाहीतर बिल बघून दुसरा ताप भरतो. गावात श्नेक नावाचं हॉस्पिटल आहे, बाळंतपणासाठी लांब जावं लागत नाही. आल्या आल्या फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवून ठेवा, नवीन पेशंटला तारीख मिळायला वेळ लागतो.

घरं स्वस्त आहेत. कॅलिफोर्नियातल्या भावाला किंमत सांगितली तर तो शून्य एक कमी पडलं का विचारतो. म्हणूनच लोक घाईने घर घेतात, आणि तिथे मी अडवते. कारखान्यांच्या गावात काम लाटेसारखं येतं-जातं. ट्रकची मागणी वाढली की शनिवार-रविवार ओव्हरटाइम, मागणी पडली की आधी ओव्हरटाइम जातो, मग कंत्राटी माणसं, मग इतर. एच-1बी वर नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण 60 दिवस मिळतात आणि गावात दुसऱ्या तशा नोकऱ्या मोजक्या. तेवढ्या मुदतीत इथलं घर विकलं जाईलच असं नाही. दोन हिवाळे भाड्याने काढा, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, मग घर. ओव्हरटाइमच्या पगारावर तर हप्ता बांधूच नका. घेताना तळघरातल्या रेडॉनची (जमिनीतून झिरपणारा, फुप्फुसांना घातक वायू) तपासणी करून घ्या, या भागात त्याचं प्रमाण जास्त सापडतं. आणि पुराचा नकाशा बघा. 2008 च्या जूनमध्ये या पट्ट्यात एवढा पूर आला की कोलंबसचं हॉस्पिटल पाण्यात जाऊन कित्येक महिने बंद होतं. राहतं घर असेल तर होमस्टेडची सवलत अर्ज करून घ्या; मग मालमत्ता कर मूल्यांकनाच्या 1 टक्क्यावर जात नाही, अगदी थोडे अपवाद सोडले तर.

हवेबद्दल दोन शब्द नीट लक्षात ठेवा, कारण ते उलटसुलट वाटतात. टोर्नेडो ‘वॉच’ म्हणजे हवा तशी आहे, सावध राहा. ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ दिसलंय किंवा रडारवर आलंय, आत्ताच्या आत्ता तळघरात जा. तळघर नसेल तर घराच्या मधल्या, खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये. भोंगा वाजल्यावर अंगणात येऊन आभाळाचा व्हिडिओ काढणारे इथेही आहेत, त्यांचं बघू नका. बर्फात काउंटी प्रवासाचा इशारा देते: आधी ‘ॲडव्हायझरी’, मग ‘वॉच’, मग ‘वॉर्निंग’. वॉर्निंग लागली की रस्ता फक्त आपत्कालीन गाड्यांसाठी. शाळा अशा दिवशी दोन तास उशिरा भरते किंवा घरून अभ्यास देते. त्यामुळे दोघंही नोकरी करत असाल तर बर्फाच्या दिवशी मूल कुणाकडे, हे नोव्हेंबरातच ठरवून ठेवा.

मुलांचं म्हणाल तर मोठी माणसं जुळवून घ्यायला जितका वेळ लावतात त्याच्या चौथा हिस्साही ती लावत नाहीत. वर्गात तुमचं मूल एकटंच भारतीय असण्याची शक्यता आहे. ग्वाटेमालाची मुलं भरपूर असल्यामुळे दुसरी भाषा बोलणारं घर ही शिक्षकांना नवलाई राहिलेली नाही. लसीकरणाची कागदपत्रं इंग्रजीतून घेऊन या. फोर-एच या मुलांच्या क्लबमध्ये नाव घाला, तुमच्या पोरीने कोंबडी पाळून ब्राउन्सटाउनच्या जत्रेत नेली तर आजी-आजोबांना फोटो पाठवायला होईल. अभ्यास इथे आपल्या मानाने सैल आहे, गणित घरी बसून करून घ्यावं लागतं.

आता ज्या गोष्टी कुणी आपणहून सांगत नाही त्या. हा भाग राजकारणाने एका बाजूचा आहे आणि अंगणातल्या पाट्यांवर ते दिसतं. निवडणुकीच्या वर्षात कामावर त्या विषयात पडू नका. 2022 पासून इंडियानात पिस्तूल बाळगून फिरायला परवाना लागत नाही, त्यामुळे दुकानात कुणाच्या कमरेला ते दिसेल. रोखून बघू नका, घाबरूही नका. पण कुणाच्या शेतात, रानात आडवाटेने शिरू नका, विशेषतः नोव्हेंबरात, हरणाच्या शिकारीच्या दिवसांत. रंगावरून टोमणा क्वचित ऐकू येतो, येतच नाही असं मी म्हणणार नाही. ज्या फ्रीमन फील्डवर आज गावाचा विमानतळ आणि कारखाने आहेत, तिथे 1945 च्या एप्रिलमध्ये गोऱ्यांसाठी राखलेल्या ऑफिसर क्लबमध्ये शिरल्याच्या वादातून शंभराच्या आसपास कृष्णवर्णीय हवाईदल अधिकाऱ्यांना अटक झाली होती. गावात ट्रेन लुटणाऱ्या रेनो बंधूंची 1866 ची गोष्ट तुम्हाला कुणीही रंगवून सांगेल, गायक जॉन मेलनकॅम्प इथलाच हेही सांगेल. फ्रीमन फील्डचं मात्र विचारावं लागतं.

आणि नशा. आय-65 ने पंधरा-वीस मैल दक्षिणेला ऑस्टिन नावाचं लहानसं गाव आहे. 2015 मध्ये तिथे वेदनाशामक गोळ्या विरघळवून सुईने टोचून घेणाऱ्यांत एचआयव्हीची साथ पसरली, 180 हून जास्त लोकांना लागण झाली. ती फक्त ऑस्टिनची गोष्ट नव्हती. तुमच्या लाइनवरची पन्नाशीची बाई नातवंडांना सांभाळत असेल, सकाळी त्यांना शाळेत सोडून दुसऱ्या शिफ्टला येत असेल. मुलांचे आईवडील कुठे असतात, हे आपल्या सवयीने विचारू नका. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल. दात काढल्यावर डॉक्टरने दिलेल्या कडक गोळ्या उरल्या तर न्हाणीघरातल्या कपाटात उघड्यावर ठेवू नका, औषधं परत घेणाऱ्या पेटीत टाका.

शेवटी सामान. मिक्सर, इस्त्री आणू नका, इथे वीज 120 व्होल्टची आहे. कुकर आणा, दोन जास्तीच्या रिंगा आणि शिट्ट्या आणा. पोळपाट, लाटणं, खोबऱ्याची विळी, गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट आणा. कढीपत्ता आणि पेरायचं बी विमानतळावर काढून घेतात, तिथे वाद घालू नका. बी इथे ऑनलाइन मिळतं. जाड जॅकेट तिकडे घेऊ नका, इकडे ऑक्टोबरात घ्या. शाळेचे दाखले, लग्नाचं प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले हातातल्या बॅगेत ठेवा. इंडियानापोलिस आणि लुइव्हिल हे दोन्ही विमानतळ सीमोरहून साधारण सारख्याच अंतरावर आहेत, त्यामुळे जिथलं तिकीट स्वस्त ते घ्या. फक्त मध्यरात्री उतरणारं विमान नको. घ्यायला येणाऱ्याची सकाळी पहिली शिफ्ट असते.